मालकाच्या देवासाठी एक फूल

मला बागेची हौस नाही, हे आधीच सांगून टाकते. आल्मेरेतलं हे घर आम्ही घेतलं तेव्हा मागच्या अंगणात या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत करड्या फरश्या होत्या, आणि घर पसंत पडायचं माझ्यापुरतं ते एक मोठं कारण होतं. पाण्याची नळी धरली की चुटकीसरशी स्वच्छ. उन्हाने कृपा केली तर तिथे कुरडया वाळतात, दिवाळीत रांगोळी काढता येते आणि पायाला चिखल लागत नाही. नवऱ्याने दोन कुंड्यांत हायड्रेंजिया आणून लावला होता. तो भरघोस फुलायचा, फोटोत छान दिसायचा. आमच्या बागेचा विषय तिथे संपत होता.

कुंपणापलीकडे मात्र जंगल होतं. शेजारच्या बाई सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या. इथल्या डच भाषेत शेजारणीला बूर्फ्राऊ म्हणतात. मी त्यांना तीच हाक मारते आणि त्याही मला तीच. त्यांच्याकडेही म्हणे पूर्वी अशाच फरश्या होत्या. नवरा गेल्यावर त्यांनी त्या एकेक करून उपसल्या आणि त्या जागी जे काही येऊ दिलं त्याला मी मनातल्या मनात रान म्हणत असे. कुंपणाला लागून मेइडोर्न नावाचं काटेरी झाड, शेडवर चढलेली आयव्हीची दाट वेल, आणि पावसाच्या पाण्याच्या पिंपाशी कधीच न कापलेलं ओलसर गवत. वाळलेली देठं हिवाळाभर तशीच उभी. कोपऱ्यात पानांचा ढीग, तो कुठल्या तरी प्राण्याच्या हिवाळी झोपेसाठी राखून ठेवलेला. त्यातली निम्मी पानं वाऱ्याने माझ्याकडे यायची आणि मी झाडू घेऊन त्यांच्या नावाने बोटं मोडायची.

एकदा बूर्फ्राऊ कुंपणावरून आमच्या हायड्रेंजियाकडे बघत म्हणाल्या, "सुंदर आहे. पण याच्याकडे जेवायला कोणी येत नाही." मग त्यांनी समजावून सांगितलं. इथल्या किड्यांना, पाखरांना इथलीच झाडं लागतात. दुकानातल्या पुष्कळशा फुलांमध्ये त्यांच्यासाठी ना मध असतो ना पराग, आणि असला तरी अळ्यांना ती पानं चालत नाहीत. म्हणून बागेत इथलं लावावं.

परदेशात राहणाऱ्या माणसाची कातडी काही बाबतीत पातळ होते. 'इथलं' आणि 'बाहेरचं' हे शब्द कानावर पडले की माझं डोकं आपोआप फिरतं. मी माझ्या मोडक्यातोडक्या डचमध्ये म्हटलं, "म्हणजे बाहेरून आलेल्याचा इथे काही उपयोग नाही, असंच ना?"

त्या हसल्या नाहीत की वरमल्या नाहीत. "बूर्फ्राऊ, ही जमीनच समुद्रातून वर काढलेली आहे," त्या म्हणाल्या. "इथे आपण सगळेच बाहेरचे. मीही झेलंड प्रांतातून आलेली. पण हे अळीला कळत नाही. तिच्या आजीने जे खाल्लं तेच ती खाते."

मी नुसता राग धरून बसले. माझा स्वभावच तसा आहे. तो मी आईकडून घेतला आहे, आणि ही सगळी गोष्ट खरं तर आईची आहे.

माझं माहेर पुण्याचं. बाबा रोज सकाळी फिरायला जायचे, ते फिरायला कमी आणि फुलं चोरायला जास्त. हातात खादीची पिशवी आणि टोकाला आकडी बांधलेली काठी. लोकांच्या कंपाउंडवरून बाहेर झुकलेली जास्वंद, तगर, कण्हेर, अनंत, सगळं त्या पिशवीत यायचं. कॉलेजात असताना मला त्याची मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटे. मी त्यांना तोंडावर फुलचोर म्हणायचे. ते म्हणायचे, "चोर नव्हे. चोर सगळं नेतो. मी प्रत्येक झाडावर एक तरी ठेवतो, मालकाच्या देवासाठी." हा नियम त्यांनी कधी मोडला नाही. घरी आल्यावर पिशवी आईसमोर उपडी करायची आणि आईने तिच्याकडे बघून "आज एवढीच?" म्हणायचं, हा आमच्या घरचा रोजचा पाठ. पिशवी काठोकाठ भरलेली असली तरी आई तेच म्हणायची. फुलं बाबांची आणि पूजा आईची, अशी त्यांची वाटणी होती.

बाबा गेले आणि देवांची फुलं बंद झाली. आई पूजा करायची, पण हळदकुंकू आणि अक्षतांवर भागवायची. भावाने दुधाबरोबर रोजची फुलपुडी सुरू केली, तर ती पुडी दुपारपर्यंत तशीच ओट्यावर पडलेली असे. "विकतचं राहू दे," एवढंच ती म्हणे. बाबांची पिशवी दारामागच्या खुंटीला होती. तिला हात लावायची कोणाची छाती नव्हती. फोनवर मी काही विचारलं तर आई बरं म्हणायची. जेवलीस का, बरं. डॉक्टरकडे गेलीस का, बरं. मी मुद्दाम तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवली, तरी बरं. आई माझ्याशी भांडेनाशी झाली होती, आणि आमच्या घरात याहून वाईट लक्षण नव्हतं.

म्हणून मागच्या वर्षी एप्रिलमध्ये मी तिला तीन महिन्यांच्या व्हिसावर इथे आणलं. तिने बरोबर देव आणले. बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि छोटी पिंड, फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात. मी स्वयंपाकघरातला एक कप्पा रिकामा करून दिला. आंघोळ करून देव पुसायचे आणि मग खिडकीशी बसून शेजारच्या रानाकडे बघत राहायचं, असा तिचा दिवस जायचा. मी सुपरमार्केटातून ट्यूलिपचा गुच्छ आणला. तिने तो पाण्यात घालून जेवणाच्या टेबलावर ठेवला. "शोभेला छान आहेत," म्हणाली. देव कोरडेच राहिले.

आणि मग एके सकाळी मी खाली आले तर देवांच्या कप्प्यात फुलं होती. फिकट जांभळी, जवळजवळ पांढरी, चार पाकळ्यांची, नाजूक लांब देठांची. एकेका देवाला घोसच्या घोस. आईचा पदर ओला होता, पावलांना चिखल लागला होता, आणि ती पुटपुटत नव्हे तर चांगली मोठ्याने स्तोत्र म्हणत होती. चहाचं आधण ठेवायचं सोडून मी दारातच उभी राहिले.

"कुठून आणलीस?"

"त्या पलीकडच्या बाईंच्या गवतातून. मागचं फाटक नुसतं लोटलेलं होतं. माणसं अजून झोपलेली होती," आई म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघून तिने घाईघाईने जोडलं, "सगळी नाही हं घेतली. एक ठेवलंय, मालकाच्या देवासाठी."

मला हसू फुटलं आणि तिलाही. बाबा गेल्यानंतर आम्ही दोघी पहिल्यांदा एकत्र हसलो. आई परत आली, असं मला वाटलं. त्या क्षणी कोणी मला युरोपातली सगळी फुलं तोडशील का विचारलं असतं, तर मी पिशवी घेऊन निघाले असते.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. या देशात न कळवता कोणी कोणाच्या दारात येत नाही. दारात बूर्फ्राऊ होत्या. पायात घरातल्या सपाता, त्यांना चिखल, आणि डोळे लाल.

"तुम्हाला कोणी माझ्या गवतात शिरताना दिसलं का?" त्यांनी विचारलं. आणि मी काही बोलायच्या आत त्या सांगत सुटल्या. एरवी मोजकं बोलणारी बाई. ती फुलं पिंक्स्टरब्लूमची. ओलसर गवतात येणारं, इथलं साधं रानफूल. फरश्या काढल्यावर त्यांनी ते मुद्दाम पेरलं होतं, कारण पंखांची टोकं नारिंगी असलेलं एक पांढरं फुलपाखरू त्यावर अंडी घालतं. दर वसंतात ती फुलपाखरं यायची आणि वरून निघून जायची. वर्षांमागून वर्षं त्यांनी वाट पाहिली. यंदा एक मादी उतरली. एका रोपावर एकच अंडं घालते ती, म्हणजे अळ्यांची खाण्यावरून मारामारी नको. रोज सकाळी त्या गुडघ्यांवर बसून भिंगातून ती अंडी बघत होत्या. "आणि आज देठंच नाहीत," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी बाहीने डोळे पुसले.

मी दारात उभी होते आणि मागे आईची आरती चालली होती. खोटं बोलणं अगदी सोपं होतं. मांजर म्हणायचं, नाहीतर कबुतरं. बूर्फ्राऊंचं दुःख मला दिसत नव्हतं असं नाही. पण मी माझ्या आईला ओळखते. आपण लोकाच्या बागेतली अंडी तोडून आणली हे तिला कळलं असतं, तर ती त्या फुलांना परत हात लावणार नव्हती, कुठल्याच फुलांना लावणार नव्हती. पुन्हा ती खिडकी आणि पुन्हा ते 'बरं'. अंडी गेली खड्ड्यात, असं माझ्या मनात आलं. आलं ते आलं.

पण आई कधी कोणाला दारात ताटकळत ठेवत नाही. आरती संपवून ती वाटीत खडीसाखर घेऊन बाहेर आली आणि तिने ती बूर्फ्राऊंच्या तळव्यावर ठेवली. त्यांनी ती भांबावून तोंडात टाकली. आमच्या घराचं दार उघडलं की सरळ स्वयंपाकघर दिसतं. त्यांनी आईच्या खांद्यावरून आत पाहिलं आणि त्या तशाच थांबल्या. ओरडल्या नाहीत. नुसत्या पांढऱ्या पडल्या, तोंडात खडीसाखर तशीच.

"काय झालं गं?" आईने विचारलं. "ही बाई रडतेय का?"

"काही नाही."

"काही नाहीला कोणी रडत नाही. मला सांग."

मग मी सांगितलं. दुसरा रस्ता नव्हता. सांगताना आईकडे बघायचा धीर झाला नाही, म्हणून मी चपलांच्या रॅककडे बघत होते.

"अंडी?" आई म्हणाली. "म्हणजे जीव आहेत त्यात?" ती आत गेली, चष्मा लावला आणि देवांपुढे वाकली. बूर्फ्राऊ तिच्या मागोमाग गेल्या आणि खिशातून भिंग काढून त्यांनी आईच्या हातात दिलं. मीही पाहिलं. बाळकृष्णाच्या मस्तकावरच्या फुलाखाली, बारीक देठाला, केशराच्या टोकाएवढा एक नारिंगी दाणा चिकटलेला होता. दुसऱ्या देठावर तसाच दुसरा.

"जिवंत आहेत," बूर्फ्राऊ म्हणाल्या. देठं लगेच पाण्यात घातली आणि झुडपांखाली नेऊन ठेवली तर अजून निभावेल. तिथे लसणासारख्या वासाचं एक रानरोप उगवलं होतं. या अळ्यांना तेही चालतं. अळ्या निघाल्या की चढून जातील त्याच्यावर.

मी आईला सांगितलं. आईने भिंग खाली ठेवलं. "देवाला वाहिलेलं परत कसं घेऊ?" ती म्हणाली. "तसं घेत नाहीत. उद्या निर्माल्य म्हणून काढता येईल."

उद्यापर्यंत अंडी टिकणार नव्हती. आता इकडे एक अंडी मागतेय आणि तिकडे दुसरी शास्त्र काढतेय, मधल्या मध्ये मी. मला दोघींचा राग आला. मी तो घोळ डचमध्ये कसाबसा सांगितला. मला वाटलं, बूर्फ्राऊ आता तरी चिडतील. त्या देवांकडे बघत राहिल्या आणि त्यांनी भलतंच विचारलं.

"एक फूल गवतात तसंच उभं आहे. ते का सोडलं?"

मी बाबांचा नियम सांगितला. खादीची पिशवी, आकडीची काठी, मालकाचा देव, सगळं. हे मी डचमध्ये कधी बोलेन असं मला वाटलं नव्हतं. शब्द अडखळत येत होते.

"माझ्याकडे देव नाही," त्या म्हणाल्या. "पण त्यांना सांगा, त्या फुलावरचं अंडं शाबूत आहे."

आईला ते सांगितलं आणि तिचे डोळे भरून आले. "हा त्यांचा नियम," ती म्हणाली. "माझा नव्हे. मी तर सगळीच खुडली असती." पदराने डोळे पुसले आणि एकदम ती कामाला लागली. अक्षतांची वाटी घेतली. गणपती बोलवताना जशा घालतात तशा देवांवर आणि फुलांवर अक्षता घातल्या, देव किंचित जागेवरून हलवले आणि म्हणाली, "पुनरागमनाय च." मग माझ्याकडे वळून, लहान मुलीला समजावावं तसं, "आता हे परत घेतलं असं होत नाही. पाहुणा निरोप देऊन पाठवला असं होतं. चल, फुलपात्रं काढ."

घरातली सगळी फुलपात्रं पाण्याने भरून, त्यात ती देठं उभी करून आम्ही तिघी मागच्या गल्लीने निघालो. पुढे बूर्फ्राऊ, मध्ये हातात ताट घेतलेली आई, मागे मी. मेइडोर्नखाली पोचल्यावर आईने त्या रानरोपाचं एक पान चुरडून हुंगलं आणि दचकली.

"अगं, हा तर लसूण! देवाचं फूल लसणात?"

"आता निरोप देऊन झालाय ना," मी म्हटलं. "जेवू दे त्यांना काय जेवायचंय ते."

आईने माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

पण दुसऱ्या दिवशी माझी भीती खरी ठरली. देवांपुढे पुन्हा नुसत्या अक्षता. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. आई शेजारी जाऊन अंडी बघून यायची, पण फुलाला हात लावायची नाही. "मला कळत नाही इथलं कशात काय असतं ते," म्हणायची. मी रागाने कुंपणापाशी जाऊन बूर्फ्राऊंना सांगितलं, की तुमची अंडी वाचली हे उत्तम, पण माझ्या आईची पूजा गेली. बोलून मोकळी झाले आणि घरात येऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणावर कोणी तरी टकटक केलं. आईने मागचं दार उघडलं. बूर्फ्राऊ फळीवरून हात लांब करून उभ्या होत्या आणि हातात रानातली गुलाबी फुलं, पांढऱ्या तुऱ्यांची दोन देठं आणि पिवळ्या बटणांसारखी काही फुलं होती. प्रत्येक देठ त्यांनी उलटंपालटं करून तपासलं होतं. आईने ओंजळ पुढे केली. तेव्हापासून रोज सकाळी ती टकटक होऊ लागली. मे आला आणि मेइडोर्न असा फुलला की काटे दिसेनात. मग त्याची एखादी लहान फांदी यायची. झाडात मधमाश्यांचा गुणगुणाट इतका, की खिडकी लावली तरी आत ऐकू यायचा. देवांवरून उतरलेलं निर्माल्य आई त्याच मेइडोर्नच्या बुंध्याशी नेऊन ठेवायची. माझ्याकडच्या हिरव्या कचरापेटीत ते टाकायचं तिने साफ नाकारलं होतं.

एके दिवशी पाऊस होता. कुंपणावरून आलेली फुलं जेमतेम होती. आईने ओंजळीकडे पाहिलं, मग बूर्फ्राऊंकडे पाहिलं, आणि शुद्ध मराठीत म्हणाली, "आज एवढीच?"

त्या बाईंना काय कळणार. त्यांनी मान डोलावली आणि पावसाकडे बोट दाखवलं. मी ओट्याशी उभी होते. नळ सोडला आणि मनसोक्त रडून घेतलं.

अळ्या निघाल्या. सुरुवातीला धाग्यासारख्या, मग हिरव्या, आणि त्या लसणी रोपाच्या शेंगेला चिकटून बसल्या की शेंग कुठली आणि अळी कुठली ते भिंगाशिवाय कळायचं नाही. आईचा सगळा दिवस तिथे जायला लागला. दोघी म्हाताऱ्या बुटक्या स्टुलांवर बसायच्या, एक डच बोलायची, एक मराठी, आणि कुणाचंच अडायचं नाही. माझा दुभाष्याचा उपयोगही संपला. एका अळीने दुसरीला खाल्लं तेव्हा आई चिडून घरी आली. "भाऊबंदकी इथेही आहेच," म्हणाली. एक दोन अळ्या पाखराने उचलल्या. त्यावर बूर्फ्राऊंनी मेइडोर्नमधल्या घरट्याकडे बोट दाखवलं. तिथे चोची उघड्याच होत्या. आईने पाहिलं आणि ती परत स्टुलावर जाऊन बसली.

शेवटी शेवटी एका अळीने मेइडोर्नच्या खालच्या काडीवर जाऊन स्वतःला बांधून घेतलं आणि तिचा कोष झाला. काट्यासारखा निमुळता, काट्याच्याच रंगाचा. बूर्फ्राऊंनी जवळ लाल लोकरीचा धागा बांधला, नाहीतर तो कोणालाच सापडला नसता. आता तो असाच राहणार, त्या म्हणाल्या. उन्हाळा, पानगळ, सगळा हिवाळा. एप्रिलमध्ये उघडणार.

आईचं जायचं जुलैत होतं. निघायच्या सकाळी ती त्या लाल धाग्याशी बराच वेळ उभी होती. "मी काही हे बघत नाही," म्हणाली. "पुढच्या एप्रिलचं कोणी पाहिलंय." बूर्फ्राऊंनी तिला मिठी मारली. आईला मिठीची सवय नाही. ती लाकडासारखी उभी राहिली, आणि मग तिने त्यांच्या पाठीवर हात फिरवला.

विमानतळावरून परत येताना मला एकच घोर होता. इथे कुंपण होतं आणि टकटक होती. तिथे ते रिकामं घर आणि दारामागची खुंटी. तिथे देवांना फुलं कोण आणणार?

झालं तसंच. पुण्यात पोचल्यावर चार दिवस ती उत्साहाने बोलली, मग हळूहळू पुन्हा 'बरं' सुरू झालं. व्हिडिओवर मागे देव्हारा दिसायचा. मी डोळे ताणून बघायची. हळदकुंकू, अक्षता. भावाला विचारलं तर म्हणाला, पिशवी तिथेच आहे.

इथे मी मात्र फरश्या उपसायला घेतल्या. का, ते मला धड सांगता येणार नाही. राग कुठेतरी काढायला हवा होता, आणि पहार बरी होती. नवरा म्हणाला, "कुरडया कुठे वाळवशील?" मी म्हटलं, "दाराशी दोन ओळी ठेवल्या आहेत, तिथे." बाकीच्या त्याने गाडीत घालून नगरपालिकेच्या डेपोत नेऊन टाकल्या. खालची माती समुद्राची. शिंपल्यांचे तुकडे निघाले. बूर्फ्राऊंनी पिंक्स्टरब्लूमची रोपं दिली, मेइडोर्नचं हातभर रोप दिलं, आयव्हीची फांदी दिली. ऑक्टोबरात बाकी सगळं संपल्यावर त्यांची आयव्ही फुलली. त्या हिरवट, दिसायला अगदीच सुमार फुलांवर मधमाश्यांची झुंबड उडालेली मी पहिल्यांदा थांबून पाहिली. इतकी वर्षं तिचा पाला झाडला, ती फुलते हे कधी बघितलं नव्हतं. दिवाळीत हात शिवशिवत होते, तरी वाळकी देठं कापली नाहीत आणि पानांचा ढीगही हलवला नाही. उरलेल्या दोन ओळींवर रांगोळी काढली.

हिवाळाभर मी लाल धाग्यापाशी जाऊन कोष बघत राहिले. पाऊस, गारा, बर्फ. काड्यांवर हिमकण चढले की मला वाटायचं, आता कसला उघडतोय. आईला मात्र फोनवर म्हणायची, "कोष मजेत आहे." ती म्हणायची, "बरं."

एप्रिल आला. ईस्टरच्या सुट्टीचा सोमवार होता, ऊन पडलं होतं, आणि कुंपणावर टकटक झाली. मी धावले. कोष काचेसारखा पारदर्शक आणि रिकामा झाला होता, आणि त्याच्या खाली एका वाळक्या देठावर ते बसलं होतं. ओलसर पंख हळूहळू उघडत होतं. पांढरे पंख, आणि टोकांना तोच, अंड्याचा नारिंगी रंग. बूर्फ्राऊंनी माझा दंड घट्ट धरला होता.

मी आईला व्हिडिओ कॉल लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. पुण्यात दुपार व्हायला आली होती. या वेळी ती कुठे जात नाही. भाऊ ऑफिसात. फुलपाखराकडे बघायचं सोडून मी फोनकडेच बघत उभी राहिले, आणि शेवटी फोन वाजला तेव्हा मी ओरडलेच. "कुठे होतीस?"

"ओरडतेस काय?" आईही ओरडली. घामाघूम झालेली, केस विस्कटलेले. "बेल आणायला गेले होते. सोमवार आहे ना आज."

"कशात आणायला?"

"कशात म्हणजे? पिशवीत. दारामागची ती आहे ना, त्यात."

बूर्फ्राऊ माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"मग... मिळाला का?" मी विचारलं.

"कसला मिळतोय. सोसायटीच्या मागे बेलाचं झाड आहे. माझा हात पोचेल अशी एकच फांदी, कोवळी पानं छान आलेली. पान उलटून बघते तर मागे एवढंसं पिवळं अंडं. दुसरं उलटलं, त्यावरही. सगळी फांदी उलटून पाहिली."

"मग?"

"मग काय, तशीच आले. महादेवाला म्हटलं, आज नुसत्या पाण्यावर भागव."

मी घाईने फोन फिरवला, की बघ, इकडे बघ. पण तोवर ते फुलपाखरू उडून गेलं होतं. आईला दिसलं ते माझं उकरलेलं अंगण, त्यात नुकती उमललेली पिंक्स्टरब्लूमची फुलं, आणि हात हलवणाऱ्या बूर्फ्राऊ.

"गेलं का? जाऊ दे, येईल," आई म्हणाली. मग तिने हातातली खादीची पिशवी वर धरून बघितली, रिकामी, चपटी. "तुझे बाबा कधी असे मोकळ्या पिशवीने आले असते ना, तर किती बोलले असते मी त्यांना."

आणि ती हसली. "चल, ठेवते. उद्या लवकर निघायचंय. काठी माळ्यावर टाकलीय तुझ्या भावाने, ती आधी काढून घेते."